आजच्या आवाजाची पट्टी

आईचा तंबोरा आमच्या घाटनांदूरच्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे गोधडीत गुंडाळून पडला होता. मागच्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचे काढले आणि माळा रिकामा करावा लागला, तेव्हा तो खाली आला. भोपळ्याला बोटभर लांबीची चीर होती, दांडी आणि भोपळा यांच्या सांध्यात फट पडली होती, चारपैकी दोन खुंट्या हरवल्या होत्या आणि उरलेल्या तारांवर गंज चढला होता. गावातल्या भजनी मंडळाला तो द्यावा असे मी ठरवले. मंडळातल्या पेटीवाल्या काकांनी येऊन तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यात आता जीव राहिला नाही. शोभेला ठेवा."

दाराशी खाटेवर आई बसली होती. गेले कित्येक महिने ती स्वतःहून फारसे बोलत नसे. काका निघून गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "मिरजेला दाखव. त्यांना कळेल."

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि तेव्हापासून ती हळूहळू मिटत गेली. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा, चालताना हात भिंतीकडे जायचा, शेजारच्या वाड्यातला हरिपाठ सुटला, दूरदर्शन संच बंदच राहू लागला. विचारावे एक आणि तिने उत्तर द्यावे भलतेच, असे वारंवार होऊ लागले. कुणी चौकशी केली की मी म्हणे, "वय झालं आता." अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मी सत्तावीस वर्षे याच गावात दवाखाना चालवतो आहे. त्या वर्षांत हे वाक्य मी किती मुलांना आणि सुनांना ऐकवले असेल, याचा हिशेब नाही. मनातल्या मनात मला स्मृतिभ्रंशाची शंका होती आणि तिची भीतीही होती. तपासले तर ती खरी ठरेल, म्हणून मी तपासले नाही. दुसऱ्या कुणा डॉक्टरने असे केले असते तर मी त्याला बोल लावला असता.

मिरज हे आईचे माहेर. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आयुष्याची शेवटची वर्षे ज्या गावात काढली, ते हे गाव. १९३७ साली खाँसाहेब गेले. त्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी गाण्याचा उत्सव होतो, आणि आजोबांच्या मांडीवर पेंगत त्या उत्सवातले गाणे ऐकल्याचे आई सांगत असे. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा मिरज ते लातूर अशी बार्शी लाइटची छोटी गाडी होती. त्या अरुंद डब्यात भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून नव्या नवरीने रात्रभर तंबोरा मांडीवर धरला होता, ही आमच्या घरातली जुनी कथा. पुढे अनेक वर्षे ती गावातल्या मुलींना गाणे शिकवत होती. मग गुडघे दुखू लागले, मुली शहरांकडे गेल्या, आणि तंबोरा माळ्यावर गेला.

पावसाळा ओसरल्यावर मी तो घेऊन निघालो. परळीहून मिरजेला जाणारी गाडी लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर अशी वाट काढत जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात तंबोऱ्याचे भोपळे पिकवतात, हे मला त्या प्रवासात सहप्रवाशांकडून कळले. हा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा असतो आणि वेलावरच नीट बसवून, आकार सांभाळून वाढवला जातो. आईच्या तंबोऱ्याचा भोपळा कदाचित याच मातीतून मिरजेला आणि तिथून घाटनांदूरला गेला असेल. आता तो उलट वाटेने चालला होता.

मिरजेची ओळख दोन गोष्टींसाठी आहे. एक वैद्यकीय उपचार आणि दुसरी तंतुवाद्ये. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय उभे केले आणि दूरदूरचे रुग्ण मिरजेकडे येऊ लागले. वाद्यांची परंपरा त्याहूनही जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय लाभला, आणि पुढे या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या दोन ओळखी एका मुलाच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली. उपचारासाठी त्यांना मिरजेला आणले गेले. दृष्टी पूर्ववत झाली नाही, पण तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाण्याचे शिक्षण झाले. गेलेली गोष्ट परत आणण्याच्या प्रयत्नात उरलेली गोष्ट हाती लागावी, असे क्वचित घडते.

सतारमेकर गल्लीतल्या ज्या दुकानात मी गेलो, तिथे साठीच्या पुढचे एक कारागीर बसले होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी गोधडी सोडली, तंबोरा आडवा ठेवला आणि पहिली पाच-सात मिनिटे एक शब्दही बोलले नाहीत. मी चीर दाखवली. ते म्हणाले, "ती दिसतेच आहे, डॉक्टर. न दिसणारं आधी बघू."

मग त्यांनी दांडीला डोळा लावून, बाण सरळ आहे का पाहावे तसे, मेरूपासून घोडीपर्यंत पाहिले. दांडी किंचित वाकली होती. तबली म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी. तिच्यावर आडवी पट्टी ठेवून ती कुठे दबली आहे ते पाहिले. घोडीवरून अंगठ्याचे नख फिरवून तारांनी पाडलेले चरे मोजले. तंबोऱ्याचा झंकार ज्या जवारीतून येतो ती म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेली अगदी सूक्ष्म उतरण. तार या उतरणीला पुरेशी टेकून, पुरेशी सुटून कंप पावली तरच स्वर खुलतो. माथ्यावर चरे पडले की तार त्यांत अडकते आणि आवाज बंद होतो. हे सांगून झाल्यावर त्यांनी भोपळा कानाजवळ धरला आणि बोटाच्या पेराने ठिकठिकाणी ठोकून ऐकू लागले. काही जागी आवाज भरीव येत होता, चिरेजवळ फुटका.

हे पाहताना मला वैद्यकाच्या पहिल्या वर्षांतली एक गोष्ट आठवली. रुग्णाच्या छातीवर थेट बोटांनी ठोकण्याची आणि आतल्या फुप्फुसाची स्थिती आवाजावरून ओळखण्याची पद्धत ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरांनी १७६१ साली प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खाणावळ चालवत. पिंपांवर ठोकून आत द्राक्षासव कुठवर आहे हे ओळखायचे, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते, असे सांगतात. आता हाताशी एक्स-रे आणि सोनोग्राफी आहे आणि आमच्यापैकी अनेकांची बोटे ठोकायचे विसरली आहेत. मी तर आईच्या बाबतीत डोळ्यांनी पाहायचेही विसरलो होतो.

चाचांचे बोट चिरेवर थांबले. तिच्यात कडक, पिवळट काहीतरी भरलेले होते.

"हे कुणी भरलं?"

"मीच," मी म्हणालो. महाविद्यालयात असताना, सुट्टीत घरी आलो तेव्हा, धातू चिकटवायचा डिंक भरून मी ती चीर बुजवली होती. मोठे काम केल्याचा आनंद झाला होता.

"भोपळा हवेबरोबर थोडा फुगतो, थोडा आकसतो. हे फुगत नाही, आकसत नाही. म्हणून चीर इथून पुढे गेली," चाचा म्हणाले. आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. "चांगल्या मनानं केलेलं काम हे. असलंच काढायला जास्त वेळ लागतो."

त्यानंतर ते प्रश्न विचारू लागले. वाजवणार कोण? खाली बसून की खुर्चीवर? रोज की सणावारी? उन्हाळ्यात घरात किती तापते? आणि गाणाऱ्याची पट्टी कोणती? पहिल्या प्रश्नाखेरीज मला एकाचेही उत्तर देता येईना. मी घरी दूरध्वनी लावला. सुनेने फोन आईच्या हाती दिला. मी विचारले, "आई, तंबोरा कोणत्या पट्टीत लावायचा?"

थोडा वेळ शांतता. मग आई म्हणाली, "पट्ट्या दवाखान्याच्या कपाटात आहेत. खालच्या खणात."

मी फोन ठेवला. चाचांना म्हणालो की तिला आता नीट आठवत नाही, विसरते. चाचा हातातली खुंटी पुसत होते. ते म्हणाले, "आठवत नाही कसं? डॉक्टरच्या घरातल्या पट्ट्या कुठं आहेत ते बरोबर सांगितलं त्यांनी. त्यांना ऐकू येत नसेल, डॉक्टर. एक शब्द ऐकला आणि बाकीचं जुळवून घेतलं."

मी गप्प बसलो. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही.

तंबोऱ्याविषयी चाचांनी तीन यादी सांगितल्या होत्या. पहिली, जे दुरुस्त केलेच पाहिजे त्याची: चिरेतला डिंक हळूहळू काढून ती आतून कापड आणि सरसाने जोडणे, सांधा उघडून पुन्हा बसवणे, दोन नव्या खुंट्या, घोडीची जवारी नव्याने. दुसरी, ज्याला हात लावायचा नाही त्याची. तबली थोडी दबली होती. मी नवी बसवा म्हणालो, तर ते म्हणाले की ती मुरलेल्या तुनीची आहे, तिच्यावरच या तंबोऱ्याचा आवाज आहे. बदलली तर तंबोरा नवा होईल आणि आईंचा राहणार नाही. घोडीची उंची थोडी जमवून दबलेल्या तबलीला सांभाळून घेता येईल. नवे पॉलिशही नको, फक्त स्वच्छ करू. तिसरी यादी, ज्यावर लक्ष ठेवायचे त्याची: दांडीचा बाक. आज तो त्रास देत नाही. वाढला तर पाहू.

घरी आल्यावर मी आईच्या नावाचा केसपेपर काढला. माझ्या दवाखान्यात गावातल्या हजारो माणसांचे केसपेपर आहेत. आईचा नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांच्या तपासणीसाठी जी मार्गदर्शक पद्धत आखली आहे, तिच्यात सहा गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: चालणे-फिरणे, पोषण, दृष्टी, श्रवण, स्मरण-विचारशक्ती आणि मनःस्थिती. कोणता आजार आहे यापेक्षा माणूस काय करू शकतो, यापासून ही पद्धत सुरू होते. मी एका रविवारी सकाळी, दवाखाना बंद ठेवून, दोन तास आईजवळ बसलो.

कान पाहिले. दोन्हींत मळ घट्ट बसला होता. तो थेंब घालून, मऊ करून काढला तेव्हा थोडा फरक पडला. अंबाजोगाईला नेऊन श्रवणचाचणी केली, तेव्हा वयामुळे होणारी श्रवणहानी स्पष्ट दिसली. या प्रकारात उंच स्वर आधी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर तेवढे पोचतात. म्हणून अशी माणसे म्हणतात, "ऐकू येतं, पण समजत नाही." घरच्यांना वाटते की माणूस लक्ष देत नाही किंवा विसरतो. मग घरचे बोलणे कमी करतात, आणि माणूसही विचारणे सोडून देतो. उपचाराविना राहिलेली श्रवणहानी हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा, पण टाळता येण्याजोगा घटक मानला जातो. ही भीती दाखवण्यासाठी सांगत नाही. यंत्र लावायला उशीर करू नये, एवढ्यासाठी सांगतो.

मग औषधांची पिशवी खाटेवर रिकामी केली. रक्तदाबाची गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, आणि त्यांच्यामध्ये एक छोटी पांढरी गोळी, अल्प्राझोलाम. वडील गेल्यानंतरच्या दिवसांत आईला झोप येईना, तेव्हा पंधरा दिवसांसाठी मीच ती सुरू केली होती. त्या पंधरा दिवसांची तीन वर्षे झाली होती. दर महिन्याला औषधे आणणारा माणूस ती आणत होता, सून देत होती, आई घेत होती. ज्येष्ठांसाठी जपून वापरायच्या औषधांची जी यादी डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडली आणि जी पुढे वेळोवेळी सुधारली गेली, तिच्यात या वर्गातल्या गोळ्या आहेत. दिवसा गुंगी, विस्मरण, तोल जाणे आणि पडणे, हे त्यांचे उतारवयातले परिणाम. भोपळ्याच्या चिरेतला पिवळा डिंक मला त्या पिशवीत दिसला. तोही मीच भरलेला होता, चांगल्या मनानेच.

एक सूचना इथे ठळकपणे करतो. अशी गोळी अनेक महिने चालू असेल तर ती एकदम बंद करू नये. तशाने अस्वस्थता, निद्रानाश, क्वचित झटकेही येऊ शकतात. आईची मात्रा मी एका ज्येष्ठ फिजिशियन स्नेह्याच्या सल्ल्याने थोडी थोडी उतरवत दोन महिन्यांहून अधिक काळात बंद केली. मधल्या काही रात्री तिला झोप आली नाही. त्या रात्री आम्ही मायलेक ओसरीवर बसून बोललो.

रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. शाकाहार आणि वर्षानुवर्षांचे मेटफॉर्मिन, दोन्ही त्याला कारण होऊ शकतात. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, मरगळ आणि विस्मरण यांमागे ही कमतरता असू शकते आणि तिचा उपचार सोपा आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे, अशी एक साधी चाचणी असते. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. आईला एकवीस सेकंद लागले होते. एका डोळ्यातला मोतीबिंदूही पिकत आला होता. त्याची शस्त्रक्रिया हिवाळ्यात झाली. मनःस्थितीविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुझे वडील गेल्याचं दुःख आहेच. पण घरात काय चाललंय ते मला कळेनासं झालं, याचा जास्त त्रास होतो." हे वाक्य तीन वर्षे तिच्याजवळ होते. कुणी विचारले नव्हते.

स्मरणशक्तीची चाचणी मी कान, औषधे आणि बी-१२ यांचा उपचार झाल्यावर, तीन महिन्यांनी केली. आधी केली असती तर निष्कर्ष चुकला असता. वयानुसार थोडी घट आहे, ती लक्ष ठेवायच्या तिसऱ्या यादीत गेली. ज्याला मी स्मृतिभ्रंश समजत होतो, ते तसे नव्हते. प्रत्येक घरात उत्तर असेच निघेल असे नाही. काही जणांना खरोखरच स्मृतिभ्रंश असतो आणि त्याचे निदान लवकर होणे हेही तितकेच गरजेचे आहे. पण कान, डोळे, गोळ्या आणि रक्त न तपासता त्या निदानाशी जाऊन थांबू नये.

चाचांनी तंबोरा तयार झाल्याचा निरोप पाठवला, पण तारा चढवल्या नव्हत्या. "आईंना घेऊन या," त्यांनी सांगितले. कानाला यंत्र, हाती काठी आणि सुनेचा दंड, अशी आई पुन्हा एकदा मिरजेला गेली. त्या वेळी आमच्या घरातल्या साध्या खुर्चीवरून उठून परत यायला तिला चौदा सेकंद लागत होते.

दुकानात शिरताच ती म्हणाली, "हा तुमच्या वडिलांनी लावून दिला होता मला. काळी पाच."

"मग अक्का, सा लावा बघू," चाचा म्हणाले आणि पेटीची काळी पाच दाबली.

आईने सा लावला. तो वर पोचेना. एकदा फाटला, एकदा खाली घसरला. तिने डोळे मिटले. मी मध्ये काही बोलणार होतो, पण चाचांनी हाताने थांबवले. ते काही न बोलता एकेक पट्टी उतरत गेले. काळी चार. मग पांढरी पाच. मग काळी तीन. तिथे आईचा स्वर येऊन स्थिरावला. कापरा होता, पण पूर्ण होता.

"इथं आहे तुमचा सा," चाचा म्हणाले. "जुन्या पट्टीत ताणून बांधलं तर तारही तुटते आणि गळाही. या पट्टीला थोड्या जाड तारा घालतो. सैल वाटणार नाहीत."

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "घाला. पण जवारी तेवढी खुली ठेवा."

उतारवयात स्वरतंतूंची रचना बदलते. स्त्रियांचा आवाज सहसा खाली उतरतो, पुरुषांचा कधी किंचित वर जातो. हा आजार नव्हे, त्याला औषध नाही आणि त्याची गरजही नाही. उपचार करण्याजोगे काय आणि जुळवून घेण्याजोगे काय, यांतला फरक ओळखणे हेच ज्येष्ठांच्या देखभालीतले अवघड काम आहे. कानातला मळ आणि गुंगीची गोळी यांना 'वय झालं' म्हणणे ही चूक. आणि उतरलेल्या आवाजाला, मंदावलेल्या चालीला जुन्या पट्टीत ओढत राहणे, हीही चूकच. पहिली चूक मी तीन वर्षे केली. दुसरी करणारी प्रेमळ मुले मी रोज पाहतो. "तुम्ही पूर्वी किती करायचात, आता का नाही करत?" असे ती मायेने विचारतात आणि समोरचा माणूस आणखी गप्प होतो.

या पाक्षिकाच्या वाचकांत ज्येष्ठ आहेत आणि त्यांची काळजी घेणारेही. दोघांना एक विनंती. वर्षातून एकदा, काही बिघडलेले नसतानाही, एक सकाळ यासाठी राखून ठेवा. घरातली सगळी औषधे, चूर्णे आणि काढ्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर रिकामी करा आणि प्रत्येकाविषयी विचारा की हे अजून हवे आहे का. कान आणि डोळे तपासून घ्या. खुर्चीतून उठून चालताना एकदा घड्याळ लावून पाहा. गेल्या वर्षात पडलात का, हे स्वतःहून सांगा. संकोच करू नका. आणि काळजी घेणाऱ्यांनो, माणसाला समोर बसून, चेहऱ्यावर उजेड येईल अशा जागी, सावकाश विचारा: तुम्हाला रोज काय करावेसे वाटते आणि ते कशामुळे अडते? चाचांनी तंबोऱ्याविषयी जे विचारले, ते हेच होते. वाजवणार कोण, बसणार कशी, कोणत्या पट्टीत? त्याची उत्तरे मिळाल्यावरच काय दुरुस्त करायचे ते ठरते.

आईला आता खाली बसता येत नाही आणि येणारही नाही. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेला तिने विचार करून नकार दिला आहे आणि तो मी मान्य केला आहे. चाचांनी सुचवल्याप्रमाणे तंबोरा खाटेवर उशीच्या आधाराने आडवा ठेवतो आणि ती शेजारी खुर्चीत बसते. उन्हाळ्यात आमच्या भागात हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसून खुंट्या सुटतात. त्यांना लावायला चाचांनी दिलेला खडूचा तुकडा तिच्या चष्म्याच्या डबीत असतो. यंत्र काढून ठेवले तरी तंबोऱ्याचा खर्ज तिला ऐकू येतो, कारण खालचे स्वर अजून शाबूत आहेत. भोपळ्यावरची चीर जोडलेली दिसते. चाचांनी ती लपवली नाही.

संध्याकाळी दवाखाना उघडण्याआधी दहा मिनिटे ती वाजवते. काही दिवस गाते, काही दिवस नुसतीच तारा छेडत बसते. मागच्या आठवड्यात एक सत्तरीचे गृहस्थ मुलाबरोबर दवाखान्यात आले. काय होते, असे विचारल्यावर मुलगाच म्हणाला, "काही नाही, डॉक्टर. वय झालं आता." मी त्या गृहस्थांना उजेडात, माझ्या समोरच्या खुर्चीत बसवले आणि औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली.